कोरड्या अंगानं

आजवर मी जी काही पुस्तक-परीक्षणं लिहिली ती एक तर लेखक ओळखीचा म्हणून, नाही तर संपादक ओळखीचे म्हणून. बहिणीनं हुकूम सोडला म्हणून परीक्षण लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

त्याचं असं झालं. माझा भाचा सॅन डिएगोला असतो. दिवाळीला आला, आठ दिवस राहिला, सतरा किलो चकल्या-चिवडा घेऊन परत गेला आणि आपल्या खोलीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला. नाव ‘बार्बेरियन डेज’, लेखक विल्यम फिनेगन. साडेचारशेच्या आसपास पानं. मधेच कुठल्या तरी पानात खूण म्हणून विमानाच्या तिकिटाचा कागद. बहिणीनं तो कागद वाचला. त्यावर फिजी लिहिलं होतं. मग तिनं पुस्तक चाळलं, त्यातले फोटो बघितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, म्हणजे माझा पहिला चहासुद्धा पुरता पोटात गेला नव्हता तेव्हा, ती रिक्षातून आमच्या दारात उतरली.

“दादा, तू एवढी पुस्तकं वाचतोस, परीक्षणं लिहितोस. हे वाच आणि मला एवढंच सांग, यात माणसं मरतात का?”

साहित्यसमीक्षेत इतका थेट प्रश्न मी तरी कुठं वाचलेला नाही. आम्ही समीक्षक कृतीची बलस्थानं शोधतो, मर्यादा दाखवतो, लेखकाकडून अपेक्षा व्यक्त करतो. यात माणसं मरतात का, हे विचारायचं आमच्या कुणाला सुचलेलं नाही.

“आणि तिथं आपली माणसं आहेत का?” हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला पुस्तक न उघडता देता आलं. आहेत. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांत राबायला करारावर तिकडं गेली, त्यांची पोरंबाळं तिथंच रुजली, आणि १९९९ साली तर त्यांच्यातले महेंद्र चौधरी फिजीचे पंतप्रधानही झाले होते. शिवाय ज्या विमानतळावर उतरायचं त्या गावाचं नाव ‘नांदी’. लिहिताना ते नाडी किंवा नदी दिसतं, पण तिकडची माणसं ‘नांदी’च म्हणतात. बहिणीला बरं वाटलं. जिथं नांदीनं सुरुवात होते तिथं अगदीच परकं काही घडणार नाही, असं तिला वाटलं असावं.

आता आधी माझा अधिकार सांगतो. समुद्राशी माझा संबंध घोट्यापर्यंतचा. गुहागरला मी पँट दुमडून, चपला हातात धरून उभा राहिलो आहे, आणि लाट मागं जाताना पायाखालची वाळू सरकली तेव्हा “अहो, अहो” म्हणून ओरडलोही आहे. पुस्तकाचं नाव वाचून मला तर ते हूणांच्या स्वाऱ्यांबद्दल वाटलं होतं. निघालं ते लाटांवर फळी घेऊन उभं राहण्याबद्दल. म्हणजे सर्फिंग. २०१५ साली निघालेलं हे आत्मचरित्र, २०१६ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. फिनेगन हा ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाचा जुना बातमीदार; युद्धं, दारिद्र्य, दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदाची शाळा यांवर लिहिणारा गंभीर माणूस. आणि हा गंभीर माणूस आयुष्यभर गुपचूप लाटांच्या मागं धावत होता. एखाद्या न्यायमूर्तींनी निवृत्त झाल्यावर आपण चाळीस वर्षं पतंग काटत होतो असं कबूल करावं, तसं हे पुस्तक आहे.

पोरगा १९५२ सालचा. दहा-अकराव्या वर्षी कॅलिफोर्नियात फळीवर चढला, १९६६ साली वडिलांच्या कामामुळं हवाईला गेला आणि तिथं पुरता बिघडला. इथपर्यंत ठीक आहे. बिघडण्याचं ते वयच असतं. पण पुढं हा गृहस्थ सदर्न पॅसिफिक रेल्वेत ब्रेक्समन म्हणून लागला, आणि चांगले पैसे साठल्यावर त्यानं काय करावं? ती नोकरी सोडली. रेल्वेतली! हे पान मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “आईवडील काय करत होते मग?” ते मुकाट्यानं बघत होते. रेल्वेची नोकरी सोडून एक मित्र बरोबर घेऊन माणूस १९७८ साली दक्षिण पॅसिफिकमध्ये निघाला, कशासाठी, तर कुणी न पाहिलेली लाट शोधायला. आमच्या पिढीला एवढं एक वाक्य भयकथा म्हणून पुरेल. साप आणि खडक नंतर येतात.

आता त्या लाटेबद्दल. ही गोष्ट मला पुस्तकानं शिकवली, आणि थोडी भाच्यानं फोनवर. गुहागरची लाट आणि फिजीची लाट यांत फरक आहे तो पाण्याचा नाही, जमिनीचा. आपल्या वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू वर येतो. लाट बिचारी दमत दमत चढ चढते आणि वर येईपर्यंत तिचा फेस होतो. फिजीच्या त्या बेटांभोवती प्रवाळाचे खडक. बाहेर खोल समुद्र, आणि एकदम खडक. तिकडं खाली दक्षिण महासागरात हिवाळी वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर काही न अडता येतात, आणि इथं एकदम त्यांना उंबरा लागतो. घाईनं आलेल्या माणसाला उंबऱ्याची ठेच लागली की पाय मागं राहतात आणि तो तोंडावर येतो. लाटेचं तसंच होतं. खालचं पाणी तळाला घासून मंदावतं, वरचं धावतच असतं. सहा फुटांची लाट साधारण आठेक फूट पाण्यात मोडायला लागते असा ठोकताळा आहे. इथं तळ इतक्या अचानक वर येतो की ती त्याहूनही उथळात जाऊन कोसळते. कोसळताना तिच्या पोटात एक पोकळी होते, आणि त्या पोकळीतून फळीवर उभं राहून आरपार निघून यायचं यालाच ही मंडळी मोक्ष मानतात.

सगळी लाट एका दमात कोसळली तर कडेलोट. पण खडक लाटेला तिरका असला की ती एका टोकापासून मोडत येते, सतरंजी एका बाजूनं गुंडाळत आणावी तशी, आणि फळीवाल्यानं त्या गुंडाळीच्या थोडं पुढं पळत राहायचं. मागं पडला की सतरंजीत. आणि सतरंजीखाली वाळू नाही, प्रवाळ. त्याचं ओरखडणं म्हणजे सुऱ्यानं खोबरं खवल्यासारखं, आणि त्या देशांत जखम लवकर बरी होत नाही. ओहोटीला तर खडक जवळजवळ उघडाच पडतो. जवळ दवाखाना नाही, होडी बोलावल्याशिवाय येत नाही. म्हणून अशी जागा मुरलेल्या माणसांसाठी, असं ते म्हणतात.

हे सगळं फिनेगन असं सांगतो की मी, घोट्यापर्यंतचा माणूस, खुर्चीत बसून पाय वर घेतले. या पुस्तकाचं मोठेपण इथं आहे. तो लाटेला ‘रौद्रभीषण’ म्हणत नाही, ‘निसर्गाचं तांडव’ म्हणत नाही. पाणी कुठं जाड झालं, कुठं त्याचा रंग बदलला, वारा कुठून येत होता, खडक कुठं दिसला, आपण काय ठरवलं आणि ते कसं चुकलं, एवढंच सांगतो. गाण्यातला जाणकार ‘वाहवा’ न म्हणता “आता बघा, मध्यम लागेल” असं हळूच सांगतो ना, तसं. आमच्याकडं समुद्रावर लिहिणारे पहिल्याच ओळीत अथांग होतात. समुद्र जिथं खरोखर अथांग असतो तिथं लाट मोडतच नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पण म्हणून साडेचारशे पानं? लेखकाला एकही लाट विसरता येत नाही. सामोआ झालं, टोंगा झालं, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, सॅन फ्रान्सिस्को. आणि प्रत्येक ठिकाणी ही लाट आधीच्या लाटेपेक्षा कशी वेगळी होती ते सविस्तर. नव्या लग्नाचा अल्बम दाखवणाऱ्या नातलगासारखं होतं. तुम्ही पान उलटायला बोट पुढं करता, आणि तो म्हणतो, थांबा, ही बघा, ही जरा तिरकी होती. मी मधली पन्नासेक पानं बहिणीला न सांगता वगळली. परत येऊन वाचली हेही सांगतो, कारण त्यांतच त्याला मलेरिया झाला होता, आणि बहिणीच्या प्रश्नाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं होतं.

भाच्याची खूण होती ती तावारुआ नावाच्या बेटाच्या पानात. बदामाच्या आकाराचं चिमुकलं बेट. १९७८ साली तिथं कुणी राहत नव्हतं. समोरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी या दोघांना होडीनं तिथं सोडलं. पिण्याचं पाणीसुद्धा बरोबर न्यायचं. सोबतीला रात्री किनाऱ्यावर येऊन पडणारे पट्टेरी समुद्रसाप, विष जहाल, स्वभाव गरीब. आणि बेटाला वळसा घालून येणारी ती लांबलचक, डावीकडं पळणारी लाट, दुसरं कुणी नाही. दिवसभर लाट, रात्री दोन मित्र पुस्तकांवरून भांडताहेत, कारण दोघंही कादंबरी लिहीत होते. या दोन मित्रांची जोडी पुस्तकात फार गोड उतरली आहे. मला तर लाटेपेक्षा तो मित्र जास्त आवडला. त्याला विनोद कळतो.

परत निघताना दोघांनी शपथ घेतली, ही जागा कुणाला सांगायची नाही. एकमेकांतसुद्धा तिचं नाव घ्यायचं नाही. आणि ती त्यांनी पाळली. पण १९८४ साली एका सर्फिंगच्या मासिकात बेट झळकलं, तिथं पैसेवाल्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट झालं, आणि लाट फक्त रिसॉर्टच्या पाहुण्यांची झाली. त्या लाटेचं नाव पडलं ‘रेस्टॉरंट्स’, कारण ती भोजनगृहाच्या समोर मोडते. दोनेक मैल बाहेर भर समुद्रात दुसरी एक भयंकर लाट आहे, ‘क्लाउडब्रेक’. तिच्या शेवटच्या आणि सर्वांत उथळ टप्प्याला ‘शिश कबाब’ म्हणतात. (हे मी बहिणीला सांगितलं नाही. ‘रेस्टॉरंट्स’ तेवढं सांगितलं. तिला वाटलं, जेवायची सोय दिसते.)

फिनेगन चिडला, दुखावला. स्वर्गाला दार बसवून त्यावर तिकीट लावलं, असं त्याला वाटलं. आणि काही वर्षांनी तोच पैसे भरून त्या रिसॉर्टचा पाहुणा झाला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. हे तो लपवत नाही, शरमतो, आणि परत जातो. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण याच प्रकारचा गुन्हा माझ्या नावावर आहे.

कोकणात जाताना रस्त्याच्या आत, एका वळणावर, एक खानावळ होती. चार बाकडी, शाकारलेलं छप्पर, आणि बांगड्याचं असं तिखलं की खाल्ल्यावर माणसानं गप्प बसावं. सहा वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. मेहुण्याला चुकीचं वळण सांगितलं. मग एकदा रविवारच्या पुरवणीला लेख कमी पडला आणि मी ती खानावळ लिहून टाकली, वळणासकट. दोन वर्षांनी गेलो तर बाहेर मोटारी, दारात एक मुलगा चिठ्ठ्या वाटतोय, माझा नंबर सत्तेचाळीस. तिखल्यात पाणी वाढलेलं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. तेवढ्यात मालक आतून धावत आले, माझे हात धरले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही लिहिलंत म्हणून छपरावर स्लॅब पडला. थोरलीचं लग्न झालं.” मी सोलकढी प्यालो आणि काही बोललो नाही. काय बोलणार? मला हळहळ वाटत होती ती गळक्या छपराची, आणि त्याखाली राहत ते होते.

म्हणून माझी फिनेगनवरची मुख्य तक्रार इथं आहे. त्या कोळ्यांच्या गावाचा त्या खडकांवर पिढीजात मासेमारीचा हक्क. लाट त्यांच्या दारातली. रिसॉर्ट आलं, त्यानं त्यांना काय दिलं, त्यांच्याकडून काय घेतलं, कुणाला नोकरी लागली, कुणाची मासळी गेली? हा माणूस जगभर गरिबांच्या वस्त्यांत फिरून नेमके हेच प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण इथं त्याच्या दुःखाला पानंच्या पानं, आणि त्यांच्या वाट्याला होडी वल्हवणं. तो त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही, प्रेमानंच बोलतो. पण लाट दिसली की त्याच्यातला बातमीदार डोळे मिटतो. २०१० साली फिजी सरकारनं फर्मान काढून त्या लाटा सगळ्यांना खुल्या केल्या. आता समोरच्या किनाऱ्यावर साध्या जागेत राहून, होडीचं भाडं देऊन कुणीही जाऊ शकतो. म्हणजे माझा भाचाही. त्याच्या तिकिटामागं हे फर्मान आहे.

दुसरी तक्रार बहिणीच्या वतीनं. या पुस्तकात किनाऱ्यावर वाट बघणारी माणसं फार थोडी जागा व्यापतात. मैत्रिणी येतात, वाळूत बसून वाचतात, कंटाळतात, जातात. चाळिशी ओलांडल्यावर मदीरा बेटावर हा माणूस अक्षरशः मरता मरता वाचला. तो प्रसंग त्यानं फार प्रामाणिकपणे लिहिला आहे, आपली भीतीसुद्धा झाकलेली नाही. पण तेव्हा घरी कुणी कसलं काम हातात घेऊन बसलं होतं, फोनकडं किती वेळा बघितलं, ते त्याला ठाऊक नाही. ते पुस्तक दुसऱ्या कुणी तरी लिहायला हवं. माझी बहीण लिहील तर मी परीक्षण करीन. (त्याच मदीरात पुढं युरोपच्या पैशांनी किनाऱ्यावर भिंत बांधली आणि ती लाट बिघडली. फिनेगन फार रडतो. मी आमच्या हिला सांगितलं, तर ती म्हणाली, “बरं झालं.”)

वाचून झालं आणि मी बहिणीला फोन केला.

“मरतात का?” तिनं नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

“लेखक जिवंत आहे,” मी म्हणालो.

“मी लेखकाचं विचारत नाही.”

मग मी तिला एक हिशेब सांगितला, कारण परीक्षण म्हणून माझ्याकडं तेवढंच उपयोगाचं होतं. फिनेगन त्या बेटावर पोचला तेव्हा पंचविशीत होता. त्याआधी पंधरा वर्षं त्यानं जवळजवळ दुसरं काही केलं नव्हतं. वाळूवर, मग छोट्या खडकांवर, मग हवाईत. पडून, आपटून, बुडता बुडता शिकला. शिवाय पुस्तकात जागोजाग एक गोष्ट आहे जी पोरांच्या नजरेतून सुटते: तो कित्येकदा नुसता बसून राहतो. लाट बघतो, मोजतो, आणि आज नको म्हणून परत फिरतो. “आपल्याला किती वर्षं झाली, एवढं त्याला विचार,” मी म्हणालो. “आणि परत फिरता येतं का, ते विचार.”

तिनं विचारलं. उत्तर आलं, चार वर्षं. तीही सगळी वाळूवर.

त्यानंतर मामा-भाच्याचा जो फोन झाला तो पाऊण तास चालला. एकतीस वर्षांच्या माणसाला मी थांबवणार कोण? मी फक्त विचारलं, “अरे, पुस्तक पुरतं वाचलंस का?” तो म्हणाला, “मामा, तावारुआपर्यंत.” म्हणजे मलेरिया यायचा होता. मदीरा यायचं होतं. सगळ्या धोक्यांच्या अलीकडं त्यानं खूण घालून ठेवली होती आणि तिकीट काढलं होतं. मी म्हणालो, “पुढचं वाच, मग बोलू.” पुस्तक तर माझ्याकडं. त्यानं तिकडं दुसरी प्रत घेतली.

तीन आठवड्यांनी त्याचा निरोप आला. तिकीट रद्द केलेलं नाही. फिजीला जाणार, पण ‘क्लाउडब्रेक’ला होडीत बसून बघणार, आणि फळी नेणार ती लहान लाटांसाठी, अनुभवी माणूस बरोबर घेऊन. मी म्हणालो, होडीत बसून खरंच राहवेल का? तो जरा थांबला आणि म्हणाला, “माहीत नाही, मामा.” हे उत्तर मला “हो, नक्की” यापेक्षा बरं वाटलं. बहिणीला मी फक्त होडीचं सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला.

“दादा, एवढं परीक्षण केलंस, मग तिथं साप आहेत हे का नाही सांगितलंस?”